वाणासाठी राखीव

ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून पाच दिवस झाले होते आणि एकालाही कोंब फुटला नव्हता. उगवणपेटीचं काचेचं दार उघडून गोरक्ष थिटे त्या कागदाकडे बघत उभे होते. मंगळवस्तीचे ते एकमेव बीजशास्त्रज्ञ. बोलण्यात मुळात कंजूष माणूस, आज तर तोंडाला कुलूपच घातल्यासारखे.

"हा कितवा?" डॉ. शलाका बेंद्रे यांनी विचारलं. त्या वस्तीच्या पशुवैद्य.

"तेविसावा. तेवीस पिशव्या, तेवीस चाचण्या. सगळ्या शून्य."

बावीस पिशव्यांपर्यंत शलाका मनाची समजूत घालत होती, की निदान एखादीत तरी जीव असेल.

आता हे प्रकरण पहिल्यापासून सांगायला हवं, कारण यात कुणी खलनायक नाही. असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

चार महिने धुळीचं वादळ चाललं. सौरपट्ट्यांवर ऊन पडेना, वीज पुरेना, आणि घराघरातली ऊब चार अंशांवर आणून ठेवली गेली. माणसांनी कपड्यांवर कपडे चढवले. जनावरांनी काय करायचं? वस्तीत चोवीस कुटुंबं होती आणि प्रत्येकाला एक प्राणी पाळायची मुभा होती: मांजर, ससा, नाहीतर एखादं छोटं कुत्रं. घरात शेगडी लावायला बंदी होती. सामाईक स्वयंपाकघरातली सूक्ष्मलहर भट्टी, म्हणजे मायक्रोवेव्ह, मात्र चालू होती, दर घराला रोज सहा मिनिटं.

शलाकाला तोडगा सुचला. सुती कापडाची पिशवी शिवायची, तिच्यात धान्य भरायचं, भट्टीत दोन मिनिटं तापवायची आणि टोपलीत ठेवायची. धान्य ऊब धरून ठेवतं, तासभर पुरतं. जुन्या गणवेशांचं कापड होतं, हात होते. फक्त धान्य नव्हतं. खायचा साठा पिठाच्या पुड्यांचा होता, आणि पीठ तापवलं की त्याचा गोळा होतो.

तेव्हा मंदाताई सरपोतदार धावत आल्या. वस्तीच्या सांस्कृतिक मंडळाच्या त्या अध्यक्ष. "अगं शलाका, देव पावला बघ! कोरड्या कोठीत बारा किलो ज्वारीचा डबा आहे, आणि त्यावर चक्क लिहिलंय, 'वाणासाठी राखीव'. कुणीतरी आपल्या संक्रांतीची आठवण ठेवली!"

मंगळाचा आणि मकर संक्रांतीचा काय संबंध, असं मंदाताईंना विचारायची कुणाची छाती नव्हती. पृथ्वीच्या पंचांगाप्रमाणे संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, हा प्रश्नही त्यातच सुटला. दोघींनी मिळून चोवीस पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत अर्धा किलो ज्वारी. शलाकाने प्रत्येक बाईला बजावून सांगितलं, "तापवायच्या आधी पिशवीवर पाणी शिंपडा हं. कोरडं धान्य भट्टीत पेट घेतं." बायका तिचा शब्द झेलणाऱ्या. इमानेइतबारे शिंपडत राहिल्या, दिवसातून तीनदा, वादळ सरेपर्यंत.

वादळ सरलं. थिटे पेरणीसाठी डबा आणायला गेले. डबा रिकामा.

ते अक्षर त्यांचंच होतं. त्यांच्या धंद्यात वाण म्हणजे बियाण्याची जात. बीजकोठारात दमटपणा शिरला म्हणून त्यांनी तो डबा स्वयंपाकघराच्या कोरड्या कोठीत हलवला होता. बुरशीने गहू आणि बटाटा आधीच संपवला होता. त्या बुरशीला दाद न देणारी ज्वारीची ही एकच जात उरली होती. पृथ्वीवरचं यान यायला बावीस महिने होते, पिठाच्या पुड्या तेरा महिन्यांच्या.

"नुसतं तापवलं असतं तर?" शलाकाने विचारलं.

थिटे खुर्चीवर बसले. "डॉक्टर, कोरडं बी म्हणजे गाढ झोपलेला जीव. आत पाणी जवळजवळ नसतं. आणि ही भट्टी तापवते ती मुख्यतः पाण्याला. कोरड्या बीला ती फारशी झोंबत नाही. त्यातून तापलं, तरी कोरडं बी बराच ताप सोसतं. मार खातं, पण थोडं तरी वाचतं. पाणी प्यायलं की बी जागं होऊ लागतं, आणि जागं होणारं बी फार हळवं. त्या वेळी पोटात सत्तर अंश गेले, की संपलं. आतली प्रथिनं अंड्यासारखी शिजतात." ते थांबले. "पाणी शिंपडायला कुणी सांगितलं?"

"मी."

थिटे यादी चाळू लागले. त्यांनी रागावायला हवं होतं, असं तिला फार वाटलं.

मग त्यांनी समोरच्या यादीवर बोट ठेवलं. "कुटुंबं चोवीस ना? पिशव्या तेवीसच आल्या."

शलाकाचा चेहरा पडला. चोविसावी पिशवी कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती तापवलेली नसणार, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

कावेरी ढगे वायुशाळेत काम करायची. वस्तीचा श्वास चालू ठेवणारी यंत्रं तिच्या हाताखाली. नवरा आठ महिन्यांपूर्वी बाहेरच्या दुरुस्तीत गेला. मागे उरला त्याचा म्हातारा बोका, फौजदार. मूत्रपिंडं थकलेली, अंगावर मांस नाही. वादळात कावेरी सोळा-सोळा तास कामावर असायची आणि फौजदार थंड घरात एकटा.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मंदाताई हळूच म्हणाल्या होत्या, "कावेरीला कसं बोलवायचं गं? सवाष्णींचा कार्यक्रम. तिच्याच मनाला लागेल." शलाका शिकलेली, डॉक्टर, हसून उडवून लावायला हवं होतं. ती गप्प बसली. पिशवी नंतर देऊ, संक्रांत तर होऊ दे, असं तिने स्वतःला सांगितलं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी फौजदार टोपलीत ताठ झालेला सापडला. शलाका पिशवी घेऊन गेली ती तेव्हा. कावेरीने ती निमूटपणे घेतली होती, 'या, बसा'सुद्धा म्हणाली नव्हती.

आता शलाका पुन्हा त्याच दारात उभी राहिली. कोपऱ्यात रिकामी टोपली होती, तिच्यात पिशवी. दिली तशी. कडेचे टाकेसुद्धा कोरे.

"गरम नाही केलीस?"

"कुणासाठी?" कावेरी म्हणाली.

शलाकाने काही लपवलं नाही. डबा, चिठ्ठी, पाणी, तेरा महिने, सगळं सांगितलं. हळदीकुंकवाचंही सांगितलं, की मंदाताई बोलल्या आणि मी गप्प बसले.

"ठाऊक आहे मला. इथल्या भिंती पातळ आहेत, डॉक्टर." कावेरीने पिशवी उचलून मांडीवर घेतली. "म्हणजे हिच्यातलं तेवढं जिवंत आहे."

"अर्धा किलो. दहा-पंधरा हजार दाणे. थिटे म्हणतात, तेवढं पेरून वाढवत नेलं, तर तीन पिकांत भागेल. पहिल्या दोन पिकांत पोटं आवळावी लागतील, पण जगू." शलाकाने हात पुढे केला. "दे, कावेरी."

"अशी एकटीच्या हातात नाही देणार. वाण आहे ना हे? वाण पदरात घेतात. सगळ्याजणींना घेऊन या. साड्या नेसून. पदर पसरून."

थिटे ते ऐकून म्हणाले, "दाणा न् दाणा माझ्या परातीत आला पाहिजे, मग तुम्ही पदरात घ्या नाहीतर टोपीत."

त्या दुपारी तेवीस बायका संक्रांतीच्या काळ्या साड्या नेसून कावेरीच्या दारापुढे रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे मंदाताई. त्यांनी पदर पसरला. सवयीने आणलेला करंडा त्यांनी पुढे केला. "आज तूच लाव गं आम्हाला."

"ते तुमचं तुम्ही लावा," कावेरी म्हणाली. "मी नुसतं वाण लुटते."

तिने पिशवीची शिवण उसवली आणि प्रत्येकीच्या पदरात अर्धी मूठ टाकली. दारापलीकडे थिटे परात घेऊन बसले होते. बायका पदर झटकत आणि पुढे जात.

शलाका मुद्दाम शेवटी थांबली होती. तिची पाळी आली तेव्हा पिशवीच्या तळाशी मूठभर ज्वारी राहिली होती. तिने पदर धरला. "मी चुकले, कावेरी. मला माफ कर."

कावेरीने मूठ भरली. मूठ तशीच हवेत राहिली.

"त्या दिवशी वेळेवर दिली असतीत, तर मीही तुमचं ऐकलं असतं, डॉक्टर. पाणी शिंपडलं असतं. इतरांपेक्षा जास्तच शिंपडलं असतं. फौजदार वाचला असता, आणि आपण सगळे गेलो असतो." ती पहिल्यांदाच शलाकाच्या डोळ्यांत बघत होती. "तुम्ही चुकलात, असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही मला. तेवढं तरी मला ठेवायचं होतंत."

मग तिने मूठ उघडली आणि दाणे पदरात पडले.