न सांगितलेली खोली

अमेरिकेतल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्राच्या वहीचा एक नियम होता. शाईनेच लिहायचं, पान फाडायचं नाही, आणि चूक झाली तर गिरगटायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली आद्याक्षरं आणि तारीख. दोन वर्षं इथे स्वस्तात शिकून पुढे विद्यापीठात जायचं, एवढाच आमच्यासारख्यांचा रस्ता, आणि निम्मे गुण त्या वहीवर.

माझी मोठी बहीण गाओनू सहाव्या टेबलावर बसायची. तिचा जोडीदार कोल्बी रेनर. तिने सहा आठवडे फळमाश्या मोजल्या, लाल डोळ्यांच्या किती आणि पांढऱ्या डोळ्यांच्या किती. त्याने एका दुपारी तिच्या वहीचे फोटो काढून सगळं जसंच्या तसं उतरवलं. दोन वह्या सारख्या निघाल्या, तेव्हा तो भरपूर बोलला. आम्ही ह्मोंग, लाओसच्या डोंगरांतून निर्वासित होऊन आलेले; आमच्या घरात शिक्षकांशी वाद घालत नाहीत. गाओनूने ब्र काढला नाही, आणि वर्ग घेणाऱ्या प्रुइट बाईंनी मान खाली घालून बसलेलीला चोर ठरवलं. कॉपीचा शेरा लागला. विद्यापीठाने कबूल केलेली जागा गेली. तीन आठवड्यांनी, डिसेंबरातल्या दाट धुक्यात, तिची गाडी संत्र्यांच्या ट्रकखाली गेली. पोलिसांनी कारण धुकं लिहिलं. मी कोल्बीचं नाव लिहिलं असतं.

आमच्यात मेलेल्याला वाट सांगतात. तो जिथे जिथे राहिला त्या सगळ्या जागा उलट्या क्रमाने घ्यायच्या, शेवटच्या बिऱ्हाडापासून थेट जन्मगावापर्यंत. एक जरी सुटली तर जीव तिथेच अडकतो. ही वाट न्हिया तू नावाचे आमचे काका गातात. आईबाबा बोलण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून काकांनी जागा मला विचारल्या. मी आमचं घर सांगितलं, त्याआधीचा फ्लॅट सांगितला, ती जन्मली ती थायलंडमधली निर्वासितांची छावणी सांगितली. कॉलेजमागची खोली सांगितली नाही. शेवटचे आठ महिने ती तिथे मैत्रिणीबरोबर राहत होती.

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच."

मी विसरले नव्हते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि तरीही मी ते मुद्दाम केलं. मला ती इथून जायला नको होती. आधी कोल्बीचं वाटोळं व्हायला हवं होतं.

जानेवारीत मी त्याच वर्गाच्या पुढच्या सत्रात नाव घातलं आणि सहावं टेबल मागून घेतलं. कोल्बीने माझं आडनाव वाचलं आणि हसला.

"थाओ? तुमच्यात सगळेच थाओ असतात ना गं?"

"सगळे नाही," मी म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या वहीत पहिली रेघ आली. निरीक्षण बरोबर होतं, तरी त्यावर एक सरळ रेघ, बाजूला 'गा. था.' आणि त्या दिवसाची तारीख. त्याला माझाच संशय आला. बाईंना पण आला, म्हणून त्या वही कपाटात कुलूपबंद ठेवू लागल्या आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घालू लागल्या. सकाळी वही काढली की आणखी दोन ओळी खोडलेल्या. शाई कधी ओली असायची. बाई त्या आद्याक्षरांवर बोट ठेवत आणि मग वही मिटत.

पुढे तो लिहीत असतानाच रेघा येऊ लागल्या. मी शेजारीच होते. त्याचं पेन उजवीकडे सरकायचं आणि त्याच्यामागून, बोटभर अंतर ठेवून, रेघ सरकायची.

मी घाबरले. त्याहून जास्त, मला आनंद झाला.

एप्रिलमध्ये त्याला विद्यापीठात जागा मिळाल्याचं पत्र आलं. मे महिन्यात, भर वर्गात, त्याने पेन खाली ठेवलं.

"ती मला लिहू देत नाही," तो बाईंना म्हणाला. "मीच उतरवलं होतं तिचं. सगळं."

त्याची जागा गेली. तो पार्किंगमध्ये गाडीत बसून रडत होता, ते मी खिडकीतून शेवटपर्यंत पाहिलं. माझं काळीज थंड झालं. बाई मात्र सुटल्या. त्यांनी आमच्या घरी एक साधा फोनही केला नाही.

वर्षाने गाओनूला मोकळं करायचा विधी आला. तोवर मलाही विद्यापीठात जागा मिळाली होती. जानेवारीत जायचं होतं. सुपावर बांबूची कमान करून तिला गाओनूचा सदरा घातला होता. काकांनी म्हशीच्या शिंगाची दोन शकलं जमिनीवर टाकली; ती कशी पडतात त्यावरून जीव आला की नाही ते कळतं. गाओनू आली नव्हती. पुन्हा टाकली. नाहीच.

"शेंग," काका मला म्हणाले, "कुठली जागा सांगायची राहिली का बाळा? आता सांगितलीस तरी चालेल."

आई माझ्याकडे बघत होती. वर्षभरात तिचे केस पांढरे झाले होते.

मला प्रुइट बाईंची ती गळ्यातली किल्ली आठवली.

"नाही, काका."

त्यांनी तिसऱ्यांदा शकलं टाकली.

"आली," ते म्हणाले. सगळ्यांनी श्वास सोडला.

आई भाताचा वाडगा घेऊन उठली. सुपापाशी थांबली नाही. माझ्यासमोर येऊन बसली आणि वाडगा माझ्या हातात दिला.

"जेवून घे, गाओनू. लांब जायचंय तुला."

तिला कुणीच अडवलं नाही.

काकांनी डोळे मिटले आणि वाट गायला सुरुवात केली. पहिली जागा त्यांनी सावकाश, पत्त्यासकट उच्चारली. विद्यापीठामागची, दुसऱ्या मजल्यावरची खोली. ती मी सोमवारीच स्वतःसाठी भाड्याने घेतली होती. घरात अजून कुणाला सांगितलंही नव्हतं.