ठिपक्याचे वय

माशाच्या अंगावरून खरवडून आणलेला तो कण रव्याच्या दाण्याहूनही लहान होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो संथपणे स्वतःभोवती फिरत होता, आणि त्याच्या कडेचे केस एका लयीत हलत होते.

"ठणठणीत आहे," डॉ. इरफान मुकादम म्हणाला.

"तेच तर पटत नाही," वसुधाताई म्हणाल्या. निवृत्तीपूर्वी त्या याच मत्स्यरोग प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि इरफान त्यांचा विद्यार्थी.

त्यांच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकच मासा होता, पिवळाधमक. त्यांचे दिवंगत पती श्रीधरराव यांनी आणलेला. त्याला हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग जडला तेव्हा ताईंनी तांब्याचे औषध वापरले नाही; त्याने श्रीधररावांची प्रवाळे मेली असती. त्यांनी फक्त बाहेरचे सारे बंद केले. नवा मासा नाही, नवा दगड नाही, समुद्राचे पाणीसुद्धा नाही. वर्षभरात रोग आपोआप विझला. आता तो परतला होता.

"तुम्हीच शिकवलंत, मॅडम. बंद टाकीत हा परजीवी स्वतःच्याच प्रती काढत राहतो आणि दर पिढीला म्हातारा होतो. तिसाव्या-पस्तिसाव्या पिढीला माशाच्या कातडीत शिरायचीही ताकद उरत नाही."

"आणि परक्या वंशात मिसळला की पुन्हा तरुण. दुकानांत तो म्हणूनच संपत नाही. रोज नवे मासे, रोज नवे सोयरे."

इरफान हसला. त्याने तो कण पिढीमापकात ठेवला. हे यंत्र नवेच होते. गुणसूत्रांची झिजलेली टोके मोजून ते वंशाचे वय सांगे.

"जेमतेम दहा पिढ्या. म्हणजे तीन महिने. हा जुना वंश नव्हेच, बाहेरून आलाय. इतके दिवस कल्ल्यांत लपला असेल."

"बाहेरून काहीही आलेलं नाही."

"चहात साखर मोजून घालता, आणि घरात पाहुणा शिरला ते कळलं नाही?"

ताई हसल्या नाहीत. असा परजीवी बहुतेकदा येतो तो नव्या माशाच्या अंगावरून. तीन महिन्यांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्या इस्पितळात होत्या, आणि घर त्यांच्या परदेशाहून आलेल्या मुलीने, शाल्मलीने, सांभाळले होते. टाकीत तेव्हाही एकच मासा होता, आताही एकच. त्या जातीला ना पट्टा, ना खूण, एकासारखा दुसरा.

त्या स्टुलावर बसल्या.

बाबा गेल्यापासून शाल्मली म्हणत होती, बर्गेनला माझ्याकडे राहायला चल. ताईंचे उत्तर ठरलेले: बाबांचा मासा आहे तोवर मी हलणार नाही. तो मेला, एवढे जरी तिने सांगितले असते, तरी आई तिच्याकडे गेली असती. त्याऐवजी तिने गुपचूप तसाच दुसरा मासा आणला होता.

इरफानच्याही ते लक्षात आले असावे. "याला मी इथं आणून बरा करतो," तो हळूच म्हणाला. "टाकी अडीच महिने बिनमाशाची राहिली की परजीवी उपाशी मरेल. प्रवाळांना धक्का नाही. पुढंही मासा आणि टाकी मीच सांभाळेन."

ताईंनी मुलीला फोन लावला.

"आई! बाबांचा मासा कसा आहे गं?"

"ठिपके आलेत. अगदी त्याच्याच मापाचा शोधलास हो."



"तू इस्पितळात होतीस. तुला कसं सांगणार होते?"

"किती दुकानं हिंडलीस?"

"पाच," शाल्मली रडत रडत हसली.

"वेडी कुठली," ताई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "माझं तिकीट काढ. मी येते तुझ्याकडे राहायला."