फोटोतला हात

"मशीन थांबवा!"

मी ओरडले तेव्हा मशीनपाशी उभा असलेला तो माणूस आमचा कामगार नाही हे मला ठाऊक नव्हतं. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ऑफसेटची धडधड, शाईचा वास… त्याने शांतपणे बटण दाबलं आणि वळला. गालावर निळी शाई, आणि डोळे असे – जाऊ दे. रागात असताना बाईने डोळे बघू नयेत.

"मी रणजीत. तुमची स्मरणिका मीच लिहिलीय. काही चुकलं का?"

"चुकलं? गुन्हा केलाय तुम्ही."

मी पान आपटलं. 'केळुसकर रेगेलिया अँड प्रिंटर्सची पंचाहत्तर वर्षं'. आजोबांपासूनचा आमचा धंदा: लॉज म्हणवणाऱ्या, फक्त पुरुषांच्या बंधुमंडळांसाठी सभेत मिरवायचे जरीचे एप्रन, गळपट्टे, बिल्ले आणि त्यांच्या सभांच्या पत्रिका. पानावरच्या फोटोत आजोबा, पप्पा, काका. आणि कडेला एप्रनवर टेकलेला हात. नुसता हात. मनगटामागची बाई कापलेली.

"कोणाचा हा?"

"तुमचे वडील म्हणाले, असेल कोणी कामगार… कापा."

"बोटावरचं शिवणाचं अंगुस्तान दिसतंय? माझी काशीआत्या आहे ती! चव्वेचाळीस वर्षं जरी भरली तिने. ज्या हॉलमध्ये ते एप्रन मिरवले, तिथे तिला कोणी पाऊल टाकू दिलं नाही. आता घरच्या पुस्तकातूनही काढा!"

"तुम्ही नेहमी एवढ्या मोठ्याने बोलता?"

"मशीन चालू असतं आमच्याकडे."

"आता बंद आहे."

"…तरीही!"

तो हसला. मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मी सानपाड्याच्या घरी आले, तर हा रणजीत आत्यासमोर मांडी घालून बसलेला. हातात सुई, बोटाला रक्त.

"अरे, सुई आहे ती, कुदळ नाही," आत्या त्याला झापत होती. मग हळूच म्हणाली, "प्रत्येक एप्रन पाठवायच्या आधी मी एकदा साडीवर बांधून आरशात बघायचे. म्हटलं, हॉलमध्ये कसा दिसेल, कळू दे."

रणजीतची वही भरत आली होती.

"हे मला कधी सांगितलं नाहीस, आत्या," मी म्हटलं.

"तू कधी विचारलंस?"

तेव्हापासून मी स्वतःवरही चिडलेय.

संध्याकाळी पप्पांनी आत्यावरचं नवीन पान बघितलं आणि भडकले. "लोक काय म्हणतील? बहिणीला राबवलं म्हणतील!"

"राबवलंच ना, पप्पा?"

"मंजुषा!"

"काका," रणजीत पप्पांना म्हणाला, "हे पान नको असेल तर माझंही नाव काढा. आत्यांशिवाय ही सगळी गोष्ट खोटी आहे."

पप्पांनी तो जुना फोटो हातात घेतला. चष्मा काढून पुसला. "छापा," एवढंच म्हणाले.

रविवारी वाशीच्या हॉलमध्ये आमच्या पंचाहत्तरीच्या समारंभाला आत्या पहिल्या रांगेत होती. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर पूर्ण फोटो, खाली तिचं नाव. तिने फोटोतल्या स्वतःवरून बोट फिरवलं. "नाक जरा मोठं आलंय," म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

मग कुटुंबाचा फोटो. रणजीतने कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर चालू केला आणि माझ्याजवळ आला. सवयीने मी कडेलाच उभी होते.

"मध्ये व्हा."

"का?"

"कडेच्या माणसांना लोक कापतात… मी कापलंय एकदा. तुमच्या बाबतीत कोणाला ती संधी मिळू नये असं मला… म्हणजे जन्मभर वाटेल, मंजुषा."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

"माझा राग अजून गेलेला नाही," मी म्हटलं.

"असू दे की. मी कुठे उभा राहू?"

मी त्याची बाही धरून त्याला ओढलं. माझ्या आणि आत्याच्या मध्ये.

"इथे. आणि हलू नका!"