बर्फाचा हात

चंद्रावतीने यंत्रात पाय घालायला साफ नकार दिला, म्हणून कल्पिताला तिथे बसावं लागलं. नाहीतर ही गोष्ट घडलीच नसती.

चिंचणीच्या समाजमंदिरात हाडं तपासायचं शिबिर होतं. टाच ठेवली की हाड किती भरीव आहे ते यंत्र सांगायचं. भर मासळीबाजारात कुणालाही गप्प करणारी चंद्रावती त्या एवढ्याशा डब्याला घाबरली. "आधी पोरीचा घाला. तिचा नीट बाहेर आला तर मी," तिने जाहीर केलं.

यंत्रामागचा तरुण हसू दाबत होता. हार्दिक त्याचं नाव. डहाणूचा, मच्छीमाराच्याच घरातला, मुंबईत हाडांवर संशोधन करणारा. त्याने कल्पिताच्या टाचेला गार जेल लावलं, आकडा पाहिला आणि त्याचं हसू गेलं. टाच पुसून त्याने पुन्हा ठेवायला सांगितली. मग तिसऱ्यांदा.

"इतक्यांदा पाय तर नवरीचेही कुणी धूत नाही," कल्पिता म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. मागच्या बायका खुसखुसल्या, पण आकडा काही बदलला नाही. सव्वीस वर्षांच्या मुलीचं हाड तिच्या आईच्या हाडाइतकंच विरळ निघालं.

दुसऱ्या आठवड्यात तो पहाटेच कोळीवाड्यात हजर. बायकांची चौकशी करायची असेल तर पहाटेच यायला हवं, एकदा उन्हं वर आली की त्या कुणाला दाद देत नाहीत. पण त्याची चौकशी फिरून फिरून एकाच दाराशी यायची.

"मासळी खाता ना रोज?"

"नाही, वासावर जगतो," कल्पिता म्हणाली. "मांदेली तर काट्यासकट खाते. मग माझी हाडं कुठे गेली?"

"हाड म्हणजे दगड नव्हे. काही पेशी ते रोज थोडं थोडं खणतात, काही पुन्हा भरतात."

"म्हणजे होडीची डागडुजी. जुनं खरवडायचं, नवं भरायचं."

"अगदी तसंच." तो खूश झाला. "बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन खणणाऱ्यांना आवरून धरतं. पाळी गेली की ते आटतं आणि खणणारे मोकाट सुटतात. चंद्रावतीमावशींचं तसं झालंय. पण तुमचं..."

"माझं काय?"

"तेच तर कळत नाही."

"मग कळेपर्यंत येत राहणार?"

"यावंच लागेल..."

"आणि लवकर कळलं तर?"

तो नुसता बघत राहिला. त्या दिवशी कल्पिताने पापलेट विकताना दोनदा चुकीचा भाव सांगितला. दोन्ही वेळा स्वतःच्याच तोट्याचा.

डिसेंबरात ओखी वादळ दूर समुद्रात घोंगावत होतं आणि चिंचणीवर पहाटेच अवेळी सरी आल्या. वलांड्यांवर, म्हणजे बांबूंच्या मांडवांवर, बोंबील वाळत होते. तोंडात तोंड अडकवून टांगलेल्या त्या जोड्या भिजल्या की सगळं मातीमोल. सगळा वाडा धावला. कल्पिताही धावली, पण तिची बोटं वळेनात. ती मनगटांनी बोंबील ओढायला लागली, तसे ते चिखलात पडले.

कुणाला दिसलं नसतं. पण हार्दिक शेजारच्याच वलांडीखाली बोंबील काढत होता, आणि त्याने तिला ताडपत्रीखाली ओढलं.

"हात दाखव."

तो पहिल्यांदाच 'अहो-जाहो' विसरला होता. कल्पिताने हात पदराखाली घेतले. "बर्फाचा हात आहे. इथे सगळ्यांनाच असतो."

खरंच असायचा. रोज बर्फातली मासळी उपसून सगळ्यांचीच बोटं सकाळी आखडायची, आणि वाड्यात त्याला कुणी दुखणं म्हणत नसे.

"सगळ्यांचा गरम कप धरला की सुटतो. मी रोज बघतो. तुझा कधी सुटतो?"

"...उन्हं चांगली तापल्यावर."

"दोन्ही हात?"

"दोन्ही." आणि मग, विचारलं नव्हतं तरी, "बारीक पांढरी गोळी मिळते. बायका घेतात कधीतरी. मी रोज घेते. दोन वर्षं झाली. घेतली की टोपली उचलता येते."

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

"शरीराचे शिपाई बाहेरच्या जंतूंशी लढतात," हार्दिक हळूच म्हणाला. "तुझे बहुतेक तुझ्याच सांध्यांवर उठलेत. वर हाड खणणाऱ्यांनाही चिथावतात. ती गोळी शिपायांना झोपवते, म्हणून बरं वाटतं. पण ती स्टेरॉइडची, म्हणजे तीही एक हार्मोनच. भरणाऱ्यांचे हात बांधून ठेवते."

"म्हणजे आजार खणतोय आणि गोळी भरू देत नाही."

"हो. पण मनाने एकदम बंद करू नकोस, ते आणखी धोक्याचं. डॉक्टर हळूहळू कमी करतील."

"कळलं ना एकदाचं?" कल्पिताचा आवाज फाटला. "म्हणजे उद्यापासून येणार नाही तू."

"उद्या तुला डॉक्टरांकडे नेणार आहे," तो म्हणाला. "परवाचं परवा बघू."

रक्त तपासल्यावर आमवातच निघाला. नवी औषधं सुरू झाली, सूज उतरली, पांढरी गोळी कमी होत गेली. सकाळची आखड मात्र थोडी राहिलीच. उन्हाळ्यात एका संध्याकाळी किनाऱ्यावर हार्दिक वाळूकडे बघत म्हणाला, "आईला घेऊन येऊ का? ...बघायला."

कल्पिताला हवंहवंसं वाटलं आणि तितकीच भीतीही वाटली. घरी चंद्रावतीने लगेच हिशेब मांडला, "संध्याकाळी बोलव. तेव्हा बोटं वळतात. लग्नाआधी गावभर कशाला करायचं?"

"नाही आई. सकाळी सहाला येऊ देत."

चंद्रावती तीन दिवस लेकीशी बोलली नाही.

सहाला हार्दिक आपल्या आईला घेऊन आला. डहाणूच्या बाजारात उभा जन्म काढलेली बाई. तिला ही वेळ विचित्र वाटली नाही. चहा तयार झाला. रीतीप्रमाणे मुलीने ट्रे आणायचा. कल्पिता रिकाम्या हातांनी बाहेर आली. चहा चंद्रावतीने आणला, मान खाली घालून.

त्या बाईची नजर थेट बोटांवर गेली. "बर्फाचा हात गं?" तिने मायेने विचारलं. "मलापण आहे."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. चंद्रावती डोळ्यांनी विनवत होती. बोलायचं कुणी, ते हार्दिकला ठाऊक होतं.

"नाही मावशी," कल्पिता म्हणाली. "आमवात आहे. औषधांनी ताब्यात राहतो, पण जात नाही. हाडंही विरळ झालीत. सकाळी माझ्याकडून कामाची आशा धरू नका. तुमच्या मुलाला ठाऊक आहे. तुम्हालाही असावं, म्हणून या वेळेला बोलावलं."

त्या बाईने समोरचा कप उचलला, चंद्रावतीच्या हातात परत दिला.

चंद्रावतीचा चेहरा उतरला.

"हा तुम्ही प्या, ताई," ती बाई मांडी ठोकून बसत म्हणाली. "मुलीच्या हातचा चहा घेतल्याबिगर मी उठत नाही. हात सुटला की टाकेल ती. तोवर बसू या. मला कुठे आज बाजार आहे?"

कल्पिता तिच्याशेजारी बसली. समोर हार्दिक खिडकीतून खाडीकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. कुणाला काही घाई नव्हती. ऊन अंगणात आलं, मग ओसरीत, मग उंबऱ्यावर. बोटं मोकळी झाली तेव्हा कल्पिता उठली आणि तिने पाच कपांचं आधण ठेवलं. माणसं चारच होती; पापलेटच्या भावासारखा हाही हिशेब चुकला, हे चहा गाळताना तिच्या लक्षात आलं.