ढवळीच्या एकोणपन्नास बाटल्या

एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून दोन पांढऱ्या जीप बाहेर पडल्या. दोघींची बनावट एक, इंजिन एक. एक गेली कोनवड्याच्या दवाखान्यात, दुसरी शेळपवाडीच्या. पहिलीचं इंजिन एक लाख ऐंशी हजार किलोमीटरवर मोडीत निघालं. दुसरी चार लाख अठ्ठ्याण्णव हजारांवरही घाट चढत होती. असं का?

हा प्रश्न निरीक्षक तेराला पडला होता. तेरा म्हणजे जुन्या गाड्या तपासणारा तीन चाकांचा, कमरेएवढा यंत्रमानव. दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी तो शेळपवाडीच्या दवाखान्याच्या अंगणात उतरला आणि त्याने दुसऱ्या जीपच्या मीटरवर आपला डोळा लावला. या जीपला गावात सगळे ढवळी म्हणत.

"मीटरमध्ये फेरफार झाला असावा," तो म्हणाला.

"अहो तेराकाका, लोक मीटर मागे फिरवतात," अकरा वर्षांची आसावरी म्हणाली. "आम्ही काय पुढे फिरवला?"

"मी कोणाचा काका असल्याची नोंद नाही," तेरा म्हणाला. "तर्क मात्र बरोबर आहे. फेरफाराचा मुद्दा मागे घेतो."

आसावरीची आत्या सुमन हसली, पण तिचं लक्ष तेराच्या हातातल्या लाल शिक्क्याकडे होतं. दवाखान्यातली नर्सही तीच आणि ढवळीची ड्रायव्हरही तीच. २०४७ सालात बहुतेक गाड्या विजेवर चालत. ढवळी मात्र करंजाच्या बियांच्या तेलापासून केलेल्या डिझेलवर चाले. नियम असा होता की, पाच लाख किलोमीटरच्या आत इंजिनाची तपासणी करायची. नापास झालं तर त्याच दिवशी गाडी भट्टीत. नवी गाडी मिळायला सव्वा वर्ष लागणार होतं. तोवर डोंगरातल्या बारा वाड्यांना लस पोचवायला दुसरी गाडी नव्हती.

"कोनवड्याची गाडी लवकर का गेली, ते मी सांगतो," आसावरीचे आजोबा पडवीतून उतरत म्हणाले. त्यांनी, म्हणजे दिनकर लोहारांनी, तीस वर्षं एका प्रयोगशाळेत घर्षणाचा (वस्तू एकमेकींवर घासल्या की होणाऱ्या अडवणुकीचा) अभ्यास केला होता. "आसावरी, तळहात एकमेकांवर जोरात घास बघू."

तिने घासले. "भाजतंय!"

त्यांनी तिच्या हातावर खोबरेल तेलाचे चार थेंब टाकले. "आता?"

"आता नुसते सटकतायत."

"इंजिनात पिस्टन (सिलिंडरच्या नळकांड्यात वरखाली पळणारा दट्ट्या) मिनिटाला हजारो वेळा येरझाऱ्या घालतो. त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये वंगणाचा, म्हणजे तेलाचा, केसाहूनही पातळ थर असतो. तो थर आहे तोवर धातू धातूला जवळजवळ लागतच नाही. थर तुटला की धातू धातूला खातो. इंजिनाचं आयुष्य म्हणजे त्या थराचं आयुष्य."

"मग तो तुटतो कधी?"

"गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) उतरतं. सकाळी गाडी सुरू केली की ते वरपर्यंत चढायला काही क्षण लागतात. कोनवड्याचा ड्रायव्हर नेमका तेव्हाच गाडीला रेस द्यायचा. इंजिन गरम करतोय म्हणायचा. गरम व्हायचंच, पण सुकं घासून! तुझी आत्या काय करते?"

"आत्या गाडी सुरू करते, थोडं थांबते आणि पहिले दोनतीन किलोमीटर नवरीच्या मिरवणुकीसारखी चालवते."

"नवरीची काय," आत्या म्हणाली. "मागून येणारे मला म्हातारी म्हणतात."

"शिवाय तेलसुद्धा थकतं," आजोबा सांगत होते. "जळलेल्या इंधनाची काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण ते पोटात घेतं. ठरल्या वेळी बदललं नाही तर दाट होतं, थर नीट धरत नाही. कोनवड्याला दहा हजारांवर बदलायचं तेल तीस-तीस हजारांपर्यंत चालवायचे."

तेराने इंजिनातून चमचाभर तेल काढलं. ते शाईसारखं काळं होतं. आसावरीचा चेहरा पडला.

"काळ्या रंगाला घाबरू नकोस," आजोबा म्हणाले. "डिझेलच्या इंजिनात तेल काळं होणारच. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. खरं काय ते ज्योत सांगेल."

तेराच्या पोटात एक झगझगीत ठिणगी पेटली आणि त्याने तेलाचा थेंब त्यात सोडला. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या रंगाचा प्रकाश देतं. तांब्याची तार गॅसच्या ज्योतीत धरली की ज्योत हिरवट होते, तसंच. ते रंग वेगळे करून कोणता कण किती आहे, हे तेरा मोजत होता.

"दहा लाख भागांत लोह एकतीस. तांबं सहा. चालेल," तो म्हणाला. मग त्याने पुढचा आकडा पुन्हा मोजला. "सिलिकॉन (वाळूत आणि मातीत असणारं मूलद्रव्य) एकसष्ट. मर्यादा पंचवीस. इंजिनात धूळ शिरते आहे. धुळीचे कण कानशीसारखे धातू घासतात. नापास."

आत्या पायरीवर बसली.

"असं होणार नाही," आजोबा पुटपुटले. "धूळ येते हवेतून. हवा येते एअर फिल्टरमधून. तो तर श्रावणात नवा घातलाय."

आसावरीची नजर बॉनेटकडे गेली. खंडेनवमीच्या दिवशी, उद्या ढवळीची पूजा म्हणून तिने जीप धुतली होती. चाकं धुतली, काचा पुसल्या, आणि एअर फिल्टरच्या घड्यांमध्ये लाल माती दिसली म्हणून तोही काढून साबणाच्या पाण्यात खसखसून धुतला, दगडावर आपटला, वाळवून परत बसवला. शाबासकी मिळावी म्हणून सांगणारच होती, पण पूजेच्या गडबडीत राहून गेलं. आता सांगितलं तर ढवळी तिच्यामुळे भट्टीत गेली, असं गावभर होणार होतं.

तेराने शिक्का उचलला.

"थांबा!" ती ओरडली. "मी धुतला फिल्टर. साबणाने. खंडेनवमीला."

आजोबांनी बॉनेट उघडून फिल्टर बाहेर काढला. तो कागदाचा होता. घड्या फुगून विस्कटल्या होत्या आणि दोन ठिकाणी चिरा पडल्या होत्या. आसावरी मान खाली घालून उभी राहिली.

"माझ्या प्रयोगशाळेत एका साहेबाला अशी चूक सांगायला चार महिने लागले होते," आजोबा म्हणाले. "तुला चार मिनिटं लागली. वर बघ."

"कारण कळलं," तेरा म्हणाला. "पण एकाच नमुन्यावरून मी कसं ठरवू? ही झीज वीस वर्षांची की बारा दिवसांची?"

"एक नमुना कोणी सांगितला?" आत्या उठली. ती आत गेली आणि लाकडी खोकं उचलून घेऊन आली. त्यात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने लावल्या होत्या. दर दहा हजार किलोमीटरला तेल बदललं की जुन्या तेलाची एक बाटली. प्रत्येकीवर तारीख आणि मीटरचा आकडा. एकूण एकोणपन्नास.

"बाबांनी गाडी आली त्या वर्षी सांगितलं होतं, प्रत्येक वेळी थोडं ठेवत जा," आत्या म्हणाली. "कशाला, ते विचारायचं राहून गेलं. ठेवत गेले."

तेराने तळाशी बसलेले कण मिसळावेत म्हणून प्रत्येक बाटली हलवली आणि एकेक थेंब ठिणगीत सोडला. पहिल्या बाटलीत लोह ऐंशी निघालं.

"नवं इंजिन," आजोबा म्हणाले. "भाग एकमेकांना बसेपर्यंत जास्त झिजतात."

दुसरीत एकोणीस. तिसरीत सतरा. दहावीत पंधरा. तिसावीत सोळा. एकोणपन्नासावीत सतरा. सिलिकॉन एकाही बाटलीत दहाच्या वर गेलं नव्हतं. वीस वर्षांची रेघ तेराच्या पडद्यावर उमटली. ती आखल्यासारखी सपाट होती.

तेराने ती रेघ बराच वेळ पुन्हा पुन्हा तपासली. यंत्रमानवासाठी बराच वेळ म्हणजे सहा सेकंद.

"माझ्याकडे जिल्ह्यातल्या चार हजार इंजिनांची नोंद आहे," तो म्हणाला. "इतकी सरळ रेघ एकाचीही नाही. हे इंजिन दोन लाखांवर होतं तसंच दसऱ्यापर्यंत होतं. दोष नवा आहे, कारण माहीत आहे आणि दुरुस्त होण्याजोगा आहे. दुरुस्त करा. मी थांबतो."

आजोबांनी आसावरीच्या हातात पाना दिला. तिने काळं तेल काढलं, तेलाचा फिल्टर बदलला, नवं तेल मापाने ओतलं, नवा एअर फिल्टर बसवला आणि त्याच्या कडेने कुठे फट राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. पाऊण तास इंजिन चालवून तेराने पुन्हा थेंब घेतला. सिलिकॉन पाच.

"पास. पुढची तपासणी सहा लाखांवर," तेरा म्हणाला. "अट एक. आजपासून हजार किलोमीटरनंतर एक नमुना मला पाठवायचा. कोण पाठवणार?"

"मी," आसावरी म्हणाली.

"आणि ही पद्धत मी इतर दवाखान्यांना शिकवू इच्छितो. परवानगी आहे?"

आत्याने पदराने डोळे टिपले. "शिकवा की! बाटल्या मात्र आमच्याच राहतील."

त्याच दुपारी लसींची पेटी, आजोबा आणि आसावरीला घेऊन आत्याची ढवळी निघाली. तेरालाही घाट बघायचा होता, म्हणून तो मागच्या बाकावर बसला. वाटेत आसावरीने विचारलं, "आजोबा, चंद्रावर तर हवाच नाही. तिथल्या गाडीत धूळ शिरणार नाही?"

"हवा नाही, पण तिथली धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार असते. आणि साधं तेल तिथे हळूहळू उडून जातं. म्हणून काही भागांना कोरडं, भुकटीचं वंगण देतात. पण लाख लाख किलोमीटर टिकेल असं अजून कोणाला जमलेलं नाही."

"नोंद घेतली," मागून तेरा म्हणाला. "हे जमवायला उमेदवार एक, आसावरी."

शेवटच्या वाडीवर आया पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. सकाळी गाडी नापास झाल्याचं कुणीतरी ऐकलं आणि ती भट्टीत गेल्याची अफवा त्यांच्यापर्यंत पोचली होती. एक म्हातारी पुढे झाली आणि तिने बॉनेटवर हात ठेवला.

"नवी गाडी मिळाली का गं पोरी?"

"नाही, आजी," आसावरी ताठ उभी राहून म्हणाली. "तीच आहे."