शून्याचा रंग

"मत्सर हा हलक्या मनाचा रोग. आपल्याला कधी शिवला नाही!" गुरुजींनी जाहीर केले आणि गरम चहाचा कप बायकोच्या वर्तमानपत्रातल्या फोटोवर, बरोबर नाकावर ठेवला.

बायको, म्हणजे बाई, खासगी तपास करत. गुरुजी त्यांची पिशवी धरत.

तेवढ्यात शाईच्या कारखानदाराची धाकटी मुलगी रडवेली होऊन आत आली. "बाई, माझी प्रयोगशाळा जातेय! यंत्र शाई फिकी दाखवतं, म्हणून मी रंग वाढवते, आणि लोकांची पेनं तुंबतात. बाबा आज चावी ताईच्या नवऱ्याला देणार!"

यंत्र म्हणजे कलरीमीटर. शाईतून प्रकाश सोडायचा. जितका अडेल तितकी शाई दाट. आधी मात्र नुसते पाणी ठेवून आकडा शून्यावर आणायचा.

कारखान्यात धाकटीने ठाऊक ताकदीचे नमुने मोजून दाखवले. फिका असो की गडद, प्रत्येकाचा आकडा हवा त्यापेक्षा नेमक्या तेवढ्याच फरकाने कमी.

"नमुन्यांत कुणीतरी पाणी घातलंय!" गुरुजी गरजले.

"मग गडद नमुना जास्त घसरला असता," बाई म्हणाल्या. गुरुजींच्या पोटात दुखले.

जावई म्हणाले, "यंत्र थकलंय. दिवा मंदावलाय."

थोरली म्हणाली, "हिचाच हात जड! मी तर हिच्यावर जीव टाकते. शून्य करायचं पाणी उन्हानं बिघडू नये म्हणून ती तपकिरी बाटलीसुद्धा मीच आणून दिली."

बाईंनी सगळ्यांना, बाबांनाही, प्रयोगशाळेत बसवले आणि ती बाटली चिनीमातीच्या पांढऱ्या भांड्यात उपडी केली. पाणी अस्मानी निघाले.

"दिवा मंद असता तर शून्य करतानाच भरून निघालं असतं. सगळेच आकडे सारखे कमी, म्हणजे शून्यच खोटं. या पाण्यात शाईचे थेंब आहेत. यंत्र तेवढा रंग जमेतच धरत नाही. साध्या काचेतून हे दिसलं असतं. आणि शुद्ध पाण्याला उन्हाचं कसलं भय, थोरल्या बाई? बाटली रंग लपवायला आणलीत."

थोरली फुटली. "लहानपणापासून एकच! धाकटीचा हात अचूक, धाकटीचा हात अचूक! माझ्या हाताला काय काटे होते?"

जावई छत निरखू लागले. गुरुजींना थोरलीचे मनापासून पटले.

बाबांनी चावी धाकटीच्या हातात ठेवली. मग थोरलीकडे पाहिले.

"पायाला मुंग्या आल्यात गं," ते म्हणाले. "दोघी मिळून जरा उठवा. एकीच्यानं नाही व्हायचं."