करवतीचं दुसरं टोक

यादवीत कोणीही जिंको, शेत आपल्याकडेच राहायला हवं. माझ्या आजोबांना मिळवायचं होतं ते एवढंच.

त्यासाठी त्यांनी थोरल्या मुलाला सरकारी फौजेत धाडलं आणि धाकट्याला बंडवाल्यांत. दोन्ही डगरींवर हात. माणूस हुशार, यात शंका नाही.

ती दोन मुलं म्हणजे माझे मामा. मी त्यांना कधी पाहिलं नाही.

पाहिलं नाही... एवढंच खात्रीनं सांगू शकतो.

खोटं वाटलं तर वाटू दे. पण ही हकीकत माझ्या आईची आहे, आणि आईला थाप मारता येत नसे. आमची कोंबडी किती अंडी देते, हेसुद्धा ती शेजारणीला खरं सांगून टाकायची. आणि हो, रात्रीची वाट पाहत बसू नका. घडलं ते भर दुपारी. शेतावरच्या लाकडाच्या शेडमध्ये, यादवीच्या तिसऱ्या हिवाळ्यात.

आई तेव्हा तेरा वर्षांची. आजी आधीच गेलेली. घरात बाप आणि लेक, दोघंच.

शेडमध्ये एक करवत होती. लांबलचक, दोन्ही टोकांना मुठी. ती दोघांनी ओढायची. तिचा नियम एकच... आपण फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. परत नेणं हे समोरच्याचं काम. समोर कोणी नसेल, तर करवत जागची हलत नाही.

लढाईआधी थोरला खिडकीकडच्या टोकाला असायचा, धाकटा दाराकडच्या. ओंडका हलू नये म्हणून आई त्यावर बसायची आणि मोजायची. एक, दोन, तीन...

चौथ्याला धाकटा मुद्दाम हिसका द्यायचा.

"अरे, करवत आहे ती! गाईची शेपटी नाही!" थोरला ओरडायचा.

"तुला डुलकी लागू नये म्हणून, दादा."

मग आई हसून हसून ओंडक्यावरून पडायची.

लढाई सुरू झाली आणि दोन्ही बाजूंनी एकेक पत्र आलं. 'या घरचा मुलगा आमच्यात आहे, घराला हात लावू नये.' खाली शिक्का आणि तुकडीचं ठिकाण. आजोबांनी दोन डबे केले. सरकारी पत्र उजव्या डब्यात, बंडवाल्यांचं डाव्या डब्यात. दारात कोण आलंय ते कोटावरून ओळखायचं, तसा लेकीला डोळ्यानं इशारा करायचा, की ती बरोबर तो डबा उघडायची.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

तिसऱ्या हिवाळ्यात सहा माणसं आली. अंगावर बंडवाल्यांचे कोट. आजोबांनी डावीकडे डोळा मोडला. आईनं पत्र आणून दिलं.

त्यांच्या हवालदारानं ते दोनदा वाचलं. मग हसला.

"थंडी फार आहे, म्हातारबा. मेलेल्यांचे कोट घातलेत आम्ही."

माणसं सरकारी होती.

त्यानंतर दुसरं पत्रही त्यांच्या हातात गेलं. ते कसं गेलं, हे सांगताना आई दरवेळी उठून पाणी प्यायला जायची.

हवालदारानं दोन्ही पत्रं खिशात घातली. "घर राहू दे," तो आपल्या माणसांना म्हणाला. "घरानं काय केलंय?"

म्हणजे एका पत्रावरून धाकट्याचं ठिकाण कळलं आणि दुसऱ्यावरून कळलं की सरकारी तुकडीत एका बंडवाल्याचा भाऊ आहे. आता कोण जगेल आणि कोण जाईल, याची वाट पाहायची. दुसरं हातात काहीच नव्हतं.

सातव्या दिवशी सरपण संपलं.

दुपारी आजोबा शेडमध्ये गेले. आई कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिला करवतीचा आवाज ऐकू आला...

खर्र... खर्र... खर्र...

आणि हिसका.

तिच्या हातातलं भांडं पडलं. धाकटा आला! ती धावत सुटली.

आजोबा खिडकीकडे उभे होते. दोन्ही हातांनी मूठ धरून ओढत होते. करवत येत होती. जात होती.

दाराकडच्या टोकाला... कोणीच नव्हतं.

"बाबा!"

"गप्प," आजोबा म्हणाले. त्यांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं. "तो आलाय. मोज."

आईला कळलं. धाकटा आता कुठून आला असेल, तेही कळलं. ती ओंडक्यावर बसली आणि मोजू लागली. आणखी काय करणार होती?

मग रोज दुपारी हेच. लाकूड छतापर्यंत रचून झालं, तरी आजोबा थांबेनात. जेवण सुटलं. हाताची सालटं निघाली. आईनं फडकं बांधायला हात धरला, तर म्हणाले, "सोडलं तर जाईल तो." मग स्वतःशीच म्हणायचे, "एक गेला. एक आहे ना अजून. समोर एकच जण ओढतोय. म्हणजे थोरला आहे."

तेवढ्या आशेवर माणूस उभा होता.

अकराव्या दुपारी त्यांचा तळवा फाटला. मूठ रक्तानं निसरडी झाली... आणि हातातून सुटली.

आईनं मोजणं थांबवलं. आता करवत थांबणार.

खर्र...

ती थांबली नाही.

खर्र... खर्र...

दोन्ही मुठी मोकळ्या होत्या. दोन्ही टोकं ओढली जात होती. आणि चौथ्याला हिसका बसला, तसं खिडकीकडचं टोक क्षणभर अडलं... कोणी रागावून थांबावं तसं.

आजोबा तिथेच खाली बसले. "नाही रे," एवढंच म्हणाले. "तू नाही रे, थोरल्या."

महिन्यानं कागद आला. थोरल्याला फितुरीच्या संशयावरून भिंतीशी उभं करून गोळी घातली होती. तारीख त्या अकराव्या दुपारचीच. धाकट्याचा कागद कधीच आला नाही.

आजोबा एक्याण्णव वर्षं जगले. करवत त्यांनी खिळ्याला टांगली आणि शेडला कुलूप घातलं. लेकीला त्यांनी आयुष्यात कधी दोष दिला नाही. कशाचा दोष, हे मला गेल्या वर्षी कळलं. आई अंथरुणावर होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"दुसरं पत्र बाबांनी मागितलंच नव्हतं रे. ते नुसते उभे होते. मला वाटलं, थोरला दादा त्यांच्यातलाच आहे हे कळलं की सोडतील. मीच धावत जाऊन आणलं."

आठवड्यानं ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर शेतावर गेलो. दुपारचे दोन वाजले असतील. शेडचं कुलूप गंजून घट्ट बसलेलं. आत...

खर्र... खर्र... खर्र...

मी उभाच राहिलो. चौथा हिसका बसला.

आणि कोणीतरी हसलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं हसू. माझ्या उभ्या आयुष्यात आईला असं हसताना मी ऐकलेलं नाही.

किल्ली माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही. अजूनही काढत नाही.

आजोबांचा हिशेब चुकला, असं मात्र म्हणू नका. शेत राहिलं. एक बांधसुद्धा हलला नाही. त्यापायी थोरला मामा गेला, धाकटा मामा गेला, आणि माझी आई त्यानंतर सत्तर वर्षं हसली नाही.

शेत आता माझ्या नावावर आहे.